ठराविक आवाजांचा असह्य तिटकारा : स्वरूप, पारख व शिक्षकाचे कर्तव्य



काही आवाज कोणालाच रुचत नाहीत. फळ्यावर खडू कर्रकन ओढला गेला किंवा काचेवर खिळा घासला गेला, की साऱ्या वर्गाच्या अंगावर शहारा येतो. तो क्षणभर टिकतो व विरून जातो. परंतु शेजारच्याच्या घास चावण्याचा, भुरका मारण्याचा, नाक ओढण्याचा किंवा घसा खाकरण्याचा आवाज कानी पडताच एखाद्याच्या अंगाचा भडका उडावा, छाती धडधडावी, तेथून पळून जावे किंवा त्या माणसास ढकलून द्यावे असे वाटावे, आणि हे दिवसातून अनेकदा घडावे, ही गोष्ट निराळी आहे. अशी मुले आपल्या वर्गात असू शकतात. त्यांची गणना आपण बहुधा चिडखोर, तऱ्हेवाईक किंवा उद्धट मुलांत करतो; कारण आपल्याला दिसतो तो त्यांचा राग. तो ज्या आवाजातून उपजला, तो आवाज आपल्या ध्यानातही आलेला नसतो. प्रस्तुत पाठात या विकाराचे स्वरूप, त्याची पारख, शाळेत करावयाची व्यवस्था आणि उपचार यांचा क्रमाने विचार करावयाचा आहे.

१. नाव व स्वरूप

या विकारास ‘मिसोफोनिया’ म्हणतात. ग्रीक भाषेत ‘मिसोस’ म्हणजे द्वेष व ‘फोने’ म्हणजे आवाज. अमेरिकेतील श्रवणविज्ञानाचे अभ्यासक मार्गारेट व पावेल जॅस्ट्रेबॉफ या दांपत्याने हे नाव २००१ साली रूढ केले. प्रस्तुत पाठापुरते आपण त्यास ‘ध्वनितिटकारा’ म्हणू.

पुढे २०१३ साली नेदरलँड्समधील ॲमस्टरडॅम येथील मनोविकारतज्ज्ञांनी अशा ४२ रुग्णांचा पद्धतशीर अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात असे दिसले की, त्रास देणारे आवाज बहुतांशी माणसाच्याच शरीरातून निघणारे असतात. सुमारे ८१ टक्के रुग्णांना खाण्याचे आवाज, तर सुमारे ६४ टक्के रुग्णांना श्वासाचे व नाकाचे आवाज सहन होत नव्हते. बोटांनी टकटक करणे, लेखणीची कळ सारखी दाबणे हेही आवाज त्यांत होते. विकाराचा आरंभ सरासरी वयाच्या तेराव्या वर्षाच्या सुमारास झाला होता. म्हणजे पाचवी ते आठवीच्या इयत्ता हाच बहुधा तो काळ होय. म्हणून हा विषय केवळ डॉक्टरांचा नाही; तो वरिष्ठ प्राथमिक शाळेच्या शिक्षकाचाही आहे.

२०२२ साली निरनिराळ्या शाखांतील तज्ज्ञांनी एकत्र येऊन या विकाराची सर्वसंमत व्याख्या केली. तिचा आशय असा : विशिष्ट आवाज, किंवा त्या आवाजाशी निगडित असे दृश्य, सहन करण्याची शक्ती कमी असणे म्हणजे हा विकार होय; आणि त्यात आवाजाच्या मोठेपणापेक्षा तो कोणता आहे व त्या व्यक्तीला त्याचा काय अर्थ आहे, यालाच महत्त्व असते. तथापि अमेरिकेतील मनोविकारांच्या सूचीत किंवा जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणात त्यास अद्याप स्वतंत्र स्थान मिळालेले नाही. आपल्या देशाच्या २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमातील २१ प्रकारांतही त्याचा उल्लेख नाही. यास्तव अशा मुलाला कोणी दाखला आणून देईल व मग आपण विचार करू, असे म्हणून चालणार नाही. विचार शिक्षकालाच आधी करावा लागेल.

२. शरीरात काय घडते?

“मनावर घेतले तर सगळे सहन होते,” असे आपण सहज म्हणतो. या म्हणण्याची परीक्षा इंग्लंडमधील न्यूकॅसल विद्यापीठातील संशोधकांनी केली व २०१७ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांनी हा विकार असलेल्या २० व नसलेल्या २२ व्यक्तींना तीन प्रकारचे आवाज ऐकविले. पहिला प्रकार साध्या आवाजांचा : पाऊस पडणे, पाणी उकळणे. दुसरा सर्वांनाच अप्रिय आवाजांचा : तान्ह्या मुलाचे रडणे, माणसाची किंकाळी. तिसरा प्रकार खाण्याच्या व श्वासाच्या आवाजांचा. पहिल्या दोन प्रकारांत दोन्ही गटांत विशेष अंतर आढळले नाही. तिसरा प्रकार सुरू होताच मात्र विकार असलेल्या व्यक्तींच्या हृदयाचे ठोके वाढले, त्वचेवरील घामाचे प्रमाण वाढले, आणि मेंदूतील ‘इन्सुला’ नावाच्या भागाच्या पुढील अंशात फार मोठी हालचाल दिसून आली. शरीराच्या आतील अवस्थांची जाणीव ठेवणे व बाहेरील कोणत्या गोष्टीकडे तातडीने लक्ष द्यावे हे ठरविणे, ही या भागाची कामे आहेत. सारांश, साधा घास चावण्याचा आवाज या मुलाच्या मेंदूत संकटाच्या घंटेसारखा वाजतो.

या प्रयोगातून शिक्षकाने ध्यानात घ्यावयाची गोष्ट अशी की, या मुलांना किंकाळी सहन होते, पण शेजाऱ्याचे चावणे सहन होत नाही. म्हणून “मैदानावर एवढा गलका चालतो तो कसा खपतो?” हा प्रश्न विचारून त्यांची परीक्षा घेणे गैर आहे.

त्याच संशोधकांनी २०२१ साली आणखी एक गोष्ट दाखविली. अशा व्यक्तींच्या मेंदूतील ऐकण्याचा भाग आणि तोंड, ओठ व जबडा हलविणारा भाग यांचा परस्परसंबंध नेहमीपेक्षा दृढ असतो. दुसरा चावू लागला की जणू आपलेच तोंड कोणी बळेच हलवीत आहे, अशी काहीशी ही अवस्था असावी. काही व्यक्ती त्रासदायक आवाजाची हुबेहूब नक्कल करतात व त्यामुळे त्यांना थोडे हायसे वाटते, असेही दिसून आले आहे. वर्गातील मूल अशी नक्कल करू लागले तर ती चेष्टा आहे असे एकदम ठरवू नये.

३. जवळचे, पण वेगळे प्रकार

पारख करताना पुढील अवस्थांशी गल्लत होऊ देऊ नये.

(अ) काही मुलांना सर्वच मोठे आवाज कानात टोचल्यासारखे दुखतात. शाळेची घंटा, भांडे पडणे, फटाका, काहीही असो. ती कानावर हात ठेवतात. तेथे प्रश्न आवाजाच्या मोठेपणाचा असतो. कान फुटून वाहणे, ऐकू कमी येणे या कारणांचाही तपास करावा लागतो.

(आ) काही मुलांना आवाजाची भीती वाटते. ध्वनितिटकाऱ्यात मुख्य भावना भीतीची नसून संतापाची व किळसेची असते.

(इ) स्वमग्न मुलांना आवाज, प्रकाश, स्पर्श अशा अनेक संवेदनांचा त्रास होतो. त्यांच्या बोलण्यात, मिसळण्यात व खेळण्यातही वेगळेपणा असतो. दोन्ही अवस्था एकाच मुलात असू शकतात, हे मात्र विसरू नये.

(ई) साधी नावड. वर्गात गोंगाट झाला की अभ्यास होत नाही, ही तक्रार कोणत्याही मुलाची असते. नावड असलेले मूल थोड्या वेळाने आवाज विसरते. तिटकारा असलेल्या मुलाला तो आवाज थांबेपर्यंत दुसरे काही सुचत नाही.

४. एक उदाहरण

समजा, इयत्ता सहावीत एक मुलगी आहे. वाचन, गणित उत्तम. दुपारी पोषण आहाराची पंगत बसली की ती ताट घेऊन दूर निंबाच्या झाडाखाली जाते. बोलावले तर येत नाही. बळेच बसविले तर दोन घास खाऊन उठते. थंडीच्या दिवसांत शेजारची मुलगी सर्दीने नाक ओढू लागली की ही तिच्याकडे डोळे वटारून पाहते, आणि एके दिवशी तिच्या पाठीत कंपास मारते. आपण काय निष्कर्ष काढू? कोणी म्हणेल मुलगी गर्विष्ठ आहे. कोणी म्हणेल, घरून शिवाशिव शिकून आली आहे.

ही दुसरी शंका गावच्या शाळेत हलकी मानता येत नाही. एका पंगतीत बसून जेवणे हा आपल्या शाळेचा एक मोठा संस्कार आहे व तो कोणत्याही सबबीखाली मोडू देता कामा नये. म्हणूनच नीट पारख हवी. ती करण्याचा सोपा मार्ग असा : घरी स्वतःच्या भावाच्या, आजोबांच्या, आईच्या चावण्याचाही तिला त्रास होतो काय, हे विचारावे. ध्वनितिटकाऱ्यात जवळच्या माणसांचे आवाजच अनेकदा अधिक असह्य होतात. ज्या मुलीला सख्ख्या आजोबांचा बशीतील चहाचा भुरका सहन होत नाही, तिची अडचण जातीची किंवा गर्वाची नाही. उलटपक्षी घरी सर्वांसोबत आनंदाने जेवणारे मूल शाळेत ठराविक मुलांच्याच शेजारी बसण्याचे नाकारीत असेल, तर ते प्रकरण निराळे समजावे व त्याचा उपायही निराळा करावा.

५. निरीक्षणाची नोंद

एकदोन प्रसंगांवरून मत बनवू नये. दोन आठवडे एका वहीत सहा रकान्यांत नोंद ठेवावी : दिनांक व वेळ, कोणता आवाज, तो कोणाचा, मुलाने काय केले, शांत होण्यास किती वेळ लागला, आपण काय केले. दोन आठवड्यांनंतर वही चाळली असता, राग आवाजामागोमाग येतो की अवघड गणितामागोमाग, की एका ठराविक मुलाच्या खोडीमागोमाग, हे स्पष्ट दिसते. ही वही वर्गात कोणाच्या हाती पडू देऊ नये. रोगाचे नाव ठरविणे हे आपले काम नव्हे. परंतु डॉक्टरांपुढे मूल नेताना या वहीइतका उपयोगी कागद दुसरा नाही.

यानंतर मुलाला एकांतात, सौम्य शब्दांत विचारावे, “कोणता आवाज झाला की तुला फार त्रास होतो?” पुष्कळ मुलांनी ही गोष्ट लाजेने कोणासही सांगितलेली नसते. आपण विचित्र आहोत, वाईट आहोत, आईच्या जेवण्याचा आपल्याला राग येतो म्हणजे आपण पापी आहोत, असे त्यांना वाटत असते. कोणी शांतपणे विचारले, एवढ्यानेही त्यांचा अर्धा भार उतरतो.

६. शाळेत करावयाची व्यवस्था

(अ) बसण्याची जागा : रांगेच्या टोकाला, दार किंवा खिडकीजवळ. बाहेरचा वारा, पाखरे, रहदारी यांचे मंद आवाज त्रासदायक आवाजाला झाकतात. पंखा असल्यास त्याचाही उपयोग होतो. कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून मात्र बसवू नये; ती शिक्षा वाटते.

(आ) ठरविलेली खूण : त्रास वाढू लागला की मुलाने कंपासपेटी बाकाच्या कडेला ठेवावी, व शिक्षकाने काही न विचारता त्यास पाणी भरून आणणे, कार्यालयातून हजेरीपट आणणे असे दोनतीन मिनिटांचे काम सांगावे. मूल बाहेर जाते, श्वास संथ होतो, परत येते. वर्गास काही कळत नाही.

(इ) पंगत : मूल त्याच पंगतीत, त्याच वेळी, तेच अन्न घेऊन जेवील, परंतु पंगतीच्या टोकाला बसेल व समोर कोणाचे तोंड येणार नाही, असे पाहावे, कारण चावताना हलणारा जबडा नुसता दिसला तरी काहींना त्रास होतो. बंद खोलीपेक्षा व्हरांड्यात किंवा मैदानात पंगत बसविणे बरे. शाळेत ध्वनिक्षेपक असल्यास जेवणाच्या वेळी मंद आवाजात गाणी लावावी. यामुळे कोणाचेही नुकसान होत नाही व एक मूल उपाशी राहत नाही.

(ई) सर्वांसाठी नियम : हातरुमाल आणणे, नाक ओढत न बसता बाहेर जाऊन शिंकरणे, तोंड मिटून घास चावणे, परीक्षेच्या वेळी लेखणी न वाजविणे हे नियम आरोग्याच्या व शिस्तीच्या पाठात सर्वांनाच शिकवावे. अमुक मुलाला त्रास होतो म्हणून, असे कारण सांगू नये. ते कळले की खोडकर मुले मुद्दाम मचमच करू लागतात व त्या मुलाचे शाळेत राहणे कठीण होते.

(उ) शिक्षकाचे स्वतःचे आवाज : टेबलावर छडीची किंवा खडूची टकटक, वर्गात सुपारी चघळणे, चहाचे भुरके यांकडे आपणही लक्ष द्यावे.

(ऊ) वर्तनाची मर्यादा : राग येणे मुलाच्या हाती नाही, हात उगारणे मात्र त्याच्या हाती आहे, व हा भेद त्यास समजावून सांगावा. वरील उदाहरणातील मुलीने कंपास मारला, याबद्दल तिने क्षमा मागितली पाहिजे. त्याबरोबरच पुढच्या वेळी कंपास मारण्याऐवजी काय करावे, हे तिला शिकविले पाहिजे. नाक ओढणाऱ्या मुलीचाही यात काही अपराध नाही, हे विसरू नये. सवलतीचा भार दुसऱ्या मुलावर पडता कामा नये.

७. काय करू नये?

मारणे, सर्वांसमोर अपमान करणे हे तर करूच नये. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम, २००९ च्या कलम १७ अन्वये शारीरिक शिक्षा व मानसिक छळ या दोहोंना मनाई आहे. “सवय होऊ दे” म्हणून मुद्दाम तोच आवाज ऐकवीत बसविणे हाही छळच होय. सरावाने संवेदना बदलण्याचा प्रयत्न तज्ज्ञाने, रुग्णाच्या संमतीने व क्रमाक्रमाने करावयाचा असतो.

याच्या उलट टोकही टाळावे. मुलाला आवाजांपासून सर्वथा दूर ठेवणे, त्याच्यासाठी घर किंवा वर्ग चिडीचूप करणे, दिवसभर कानांत बोळे घालू देणे हे हितकारक नाही. कान सतत झाकून राहिल्यास साधे आवाजही अधिक तीव्र भासू लागतात. परीक्षेच्या वेळी किंवा प्रवासात तासभर कान झाकण्यास हरकत नसावी. नित्याची सवय लावू नये.

८. उपचार

या विकारावर हमखास गुण देणारे औषध आज उपलब्ध नाही. ज्या उपचाराची काळजीपूर्वक परीक्षा झाली आहे, तो विचार व वर्तन यांना वळण लावणारा मानसोपचार होय. त्यास ‘कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपी’ म्हणतात. ॲमस्टरडॅम येथील तज्ज्ञांनी २०२१ साली ५४ रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध केली. एका गटाला तीन महिने असा उपचार दिला व दुसऱ्याला तोवर प्रतीक्षेत ठेवले. उपचार घेतलेल्यांपैकी ३७ टक्के रुग्णांत स्पष्ट सुधारणा दिसली. प्रतीक्षेतील गटात एकाही रुग्णात ती दिसली नाही. हे प्रमाण लहान नाही, पण सर्वांना गुण येतो असेही नाही. शिवाय ती चाचणी प्रौढांवर झालेली होती. म्हणून पालकांना आशा द्यावी, वचन देऊ नये.

या उपचारात चार गोष्टी प्रामुख्याने असतात : आवाजावर खिळलेले लक्ष हातातील कामाकडे वळविण्याचा सराव, त्रासदायक आवाजाची सुखद दृश्यांशी सांगड घालणे, तो आवाज यंत्रावर स्वतःच लहानमोठा करून, बदलून त्यावर आपला ताबा आहे हे अनुभवणे, आणि शरीर शिथिल करण्याचा अभ्यास. यांपैकी पहिली व शेवटची गोष्ट शाळेतही थोडीफार साधते. संथ श्वसन, अंग सैल सोडणे हे सर्व वर्गाकडून रोज पाच मिनिटे करून घेता येईल.

मुलास कोठे पाठवावे? प्रथम कान तपासून घ्यावे. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे आरोग्य पथक शाळेत येते तेव्हा आपली नोंदवही दाखवून मूल त्यांच्या नजरेस आणावे. पुढील तपासणीसाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र व जिल्हा रुग्णालयातील मनोविकार विभाग आहेत. ‘टेलि-मानस’ ही शासनाची दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू असून १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य सल्ला मिळतो. विकाराचे नाव सर्वच डॉक्टरांना परिचित असेल असे नाही. म्हणून नाव सांगत बसण्यापेक्षा, कोणत्या आवाजाने काय होते हे सांगावे. झटपट बरे करतो म्हणून पैसे घेणाऱ्यांपासून, तसेच अंगारेधुपारे करणाऱ्यांपासून पालकांना सावध करावे.

९. पालकांशी बोलणे

घरी हा प्रश्न अधिक नाजूक असतो. आपल्याकडे भुरका मारणे ही जेवण आवडल्याची पावती समजली जाते. नातू पंगतीतून उठून गेला की आजोबांना तो आपला अपमान वाटतो. येथे शिक्षकाचा शब्द फार उपयोगी पडतो. मुलगा वडीलधाऱ्यांचा अनादर करीत नाही, त्याला हा त्रास आपोआप होतो. आजोबांनीही काही चूक केलेली नाही. असे दोन्ही बाजूंना सांगावे. जेवताना मंद आवाजात रेडिओ लावणे, मुलाला समोर न बसविता बाजूला बसविणे, आणि रोज थोडा वेळ तरी सर्वांनी एकत्र जेवणे, एवढ्या तडजोडीवर आरंभ करावा. मूल कायमचे वेगळ्या खोलीत जेवू लागले, तर ते घरातच परके होते.

१०. समारोप

हा विकार बरा करणे शिक्षकाच्या हाती नाही. पण मूल उद्धट ठरते की समजून घेतले जाते, उपाशी उठते की पंगतीत जेवते, शाळा सोडते की टिकते, हे पुष्कळ अंशी शिक्षकाच्या हाती आहे. त्यासाठी लागते ती दोन आठवड्यांची एक वही, बसण्याच्या जागेत थोडा बदल, आणि राग दिसताच त्याच्या आधी कोणता आवाज झाला हे पाहण्याची सवय.

केंद्रसंमेलनात चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या वर्गात वारंवार चिडणाऱ्या एका मुलाचे दोन आठवडे वरीलप्रमाणे निरीक्षण करा. त्याच्या रागापूर्वी काय घडते, ते नाव न सांगता मांडा.
२. मोठ्या आवाजाचा त्रास व विशिष्ट आवाजाचा तिटकारा यांतील भेद उदाहरणासह स्पष्ट करा.
३. पंगतीची एकता न मोडता अशा मुलाची सोय आपल्या शाळेत कशी करता येईल? जागेचा नकाशा काढून दाखवा.
४. “आवाज सहन करायला शिकलेच पाहिजे,” असे म्हणणाऱ्या पालकास आपण काय उत्तर द्याल?